गाईपुढे भात ठेवताना जरा थांबा

घरचे कार्य आटोपले, की उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून गाईपुढे ठेवला जातो. मसुरे-मालवण पट्ट्यातही हे चित्र नवे नाही. भावना चांगली, पण गाईचे पोट टोपभर भातासाठी घडलेले नाही.

गाय हा दोन खुरांचा, रवंथ करणारा प्राणी. वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्याने ती गवत जिभेने ओढून गिळते आणि मग निवांत रवंथ करते. चारा पचवतात ते कोटीपोटातील सूक्ष्मजीव. रवंथ करताना सुटणारी लाळ तिथली आम्लता आटोक्यात ठेवते.

भाताला फारसा रवंथ लागत नाही. त्यातला स्टार्च झपाट्याने आंबतो, लॅक्टिक आम्ल वाढते, उपयुक्त जीवाणू मरतात. गाय खाणे सोडते, पातळ शेण टाकते, पोट फुगते, कधी दगावतेही. वाचली तरी खुरांना सूज येऊन लंगडू शकते. २०१८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदलेल्या आपल्या कोकण कपिलेची तर जांभ्याच्या चढउतारावर टिकणारी कणखर खुरे हीच ताकद.

म्हणून भात मूठभरच द्या, तोही चाऱ्यासोबत. उरलेल्या भाताचा टोप गोठ्यापासून लांब, झाकून ठेवा. गाईने जास्त खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवा.