तालमीतला फुटबॉल

तालीम म्हणजे? मूळची कुस्तीची, लाल मातीच्या आखाड्याची जागा. कोल्हापुरात ती पेठेचं मंडळही असते, आणि अनेक तालमींचा फुटबॉल संघ असतो.

संघ: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं तालमींची. शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब मात्र तालीम न म्हणवणारे, तरी तितकेच जुने-जाणते.

मैदान: राजर्षी शाहू स्टेडियम. हंगाम साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. स्पर्धा कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन म्हणजेच ‘केएसए’ची. पेठेचा संघ उतरला की गॅलरीत अख्खी पेठ येते. कुस्तीच्या शहरात ही गर्दी पाहण्यासारखीच.

विश्वचषकापर्यंत: कोल्हापूरचा आघाडीपटू अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. यजमान भारताचे तिन्ही सामने दिल्लीत झाले: अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4 असा पराभव. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषक स्पर्धेतला भारताचा पहिला.

नागपूरची वेगळी वाट: प्रा. विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी ‘स्लम सॉकर’ 2001 मध्ये सुरू केलं. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (2022) हा चित्रपट त्यांच्याच कामावर बेतलेला.

परदेशात: तालमीत कुस्तीच्या जोडीला फुटबॉल आला, तशी दोन खेळांची जोडी तिथेही दिसते. इटलीचा एसी मिलान 1899 मध्ये क्रिकेट आणि फुटबॉल असा जोडक्लब म्हणून सुरू झाला.