पांढरी वाइन कशी बनते, आणि त्यातून आपण काय घ्यायचं?

शिरूर कासार तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणींच्या भुवया वर जातील. आमच्या बैठकीतही तेच झालं.

आपल्याकडच्या कितीतरी जोड्या दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. यंदा सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात तोडीला गेलेल्या एका वहिनींनी बैठकीत विचारलं, "ताई, तिकडं अकलूजच्या बाजूला द्राक्षाचे मळे बघितले. मणी एवढे एवढे, बाजरीच्या कणसागत गच्च. खाऊन बघितलं तर साल जाड आणि आत बिया. म्हणाले, ही खायची नाहीत, वाइनची आहेत. झाडं म्हणे फ्रान्सहून आणली. हे काय प्रकरण आहे?"

आम्ही सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात मागच्या ओळीतल्या एक आक्का उठल्या. दारूनं त्यांचं घर मोडलंय, हे साऱ्या गटाला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "बाटलीच्या गोष्टी गटात नकोत." बैठक गप्प झाली.

दोघींचंही म्हणणं खरं होतं. एकीला एक काम समजून घ्यायचं होतं आणि दुसरीला त्या बाटलीचा शेवट माहीत होता. म्हणून आम्ही ठरवलं की दोन्ही बाजू सांगायच्या, काही झाकायचं नाही.

आधी वहिनींनी बघितलेल्या मळ्यांची माहिती. माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, गारवाड, निमगाव या भागात फ्रातेल्ली नावाच्या कंपनीचे मळे आहेत. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू अशा तीन घरच्या भावांनी मिळून हा उद्योग उभा केला, म्हणून हे नाव. फ्रान्समधून द्राक्षाची कलमं आणून लावली. इटलीच्या टस्कनी भागातले जाणकार पिएरो मासी यांनी वाइन बनवण्याचं काम पाहिलं. जिथं उसाशिवाय दुसरं पीक नजरेला पडत नाही, त्या भागात ही द्राक्षं आली.

महाराष्ट्रात ही सुरुवात त्याच्याही आधीची आहे. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच पद्धतीनं फेसाळती वाइन बनवली आणि परदेशात पाठवली. मग नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमाराला फ्रेंच जातीची पांढरी द्राक्षं लावली. २००० साली त्यांची पहिली वाइन आली. आईचं नाव सुलभा, त्यावरून त्यांनी नाव ठेवलं सुला. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिक भागात असे कारखाने वाढले.

आता ही फ्रेंच जात म्हणजे काय ते बघू. पांढऱ्या वाइनसाठी शेनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ आणि शार्दोने ही नावं आपल्याकडच्या मळ्यांत ऐकू येतात. त्यातली शार्दोने ही फ्रान्सच्या बर्गंडी भागातली. त्या भागात शेताच्या वाटण्या होत होत एकेका घराकडे द्राक्षाच्या थोड्याच ओळी उरल्यात. फ्रान्समध्ये १८०४ च्या कायद्यानं मुलगा आणि मुलगी दोघांना सारखा वाटा दिला, त्यानं तुकडे आणखी लहान झाले. पण तुकडा लहान म्हणून ती घरं शेत विकून बसली नाहीत. आपल्याच ओळींची द्राक्षं, आपल्याच तळघरात बनवलेली वाइन आणि बाटलीवर आपलं नाव, असं पिढ्यान् पिढ्या चाललंय.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तिथल्या पुष्कळ बाटल्यांवर मोठ्या अक्षरात द्राक्षाची जात लिहीत नाहीत, गावाचं नाव लिहितात. शाब्ली हे असंच एक गाव. तिथल्या चुनखडीच्या जमिनीत शार्दोने द्राक्ष होतं आणि त्याच्या पांढऱ्या वाइनला शाब्ली म्हणूनच जग ओळखतं. दुसऱ्या गावच्या माणसानं ते नाव लावायचं नाही. १९३५ पासून फ्रान्समध्ये याचा कडक कायदा आहे. गावाचं नाव हीच त्या गावाची इस्टेट. हे लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी कामाला येणार आहे.

आता मळा. आपण खातो ते द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियाचं असतं. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं आणि खाण्याच्या द्राक्षापेक्षा जास्त गोड. गोडी बघायला उसासारखंच ब्रिक्स मोजतात. फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपतो, पानं गळतात आणि द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. आपल्याकडं वेलाला झोपवणारी थंडी नाही, म्हणून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला फळ छाटणी. मग माल येतो फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. वहिनींचा तोडीचा हंगाम संपत आला तेव्हाच तो मळा तोडणीला आला, त्याचं कारण हे.

चांगली वाइन करायची तर वेलावर माल कमी ठेवतात. घड जास्त ठेवले की रस पाणचट होतो. वजनावर पैसे मिळणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चमत्कारिक वाटेल. पण तिथं भाव वजनाला नसतो, चवीला असतो.

आता खरं काम, म्हणजे पांढरी वाइन बनते कशी? चिरलेलं वांगं उघडं ठेवलं की काय होतं? काळं पडतं. द्राक्षाच्या रसाचंही तसंच. हवा लागली की रंग जातो, वास जातो. म्हणून पांढऱ्या वाइनचं सगळं कसब तीन गोष्टींत आहे: घाई, थंडावा आणि हवेपासून राखण.

घड पहाटे, ऊन चढायच्या आत हातानं तोडतात. लहान क्रेटमध्ये भरतात, म्हणजे खालचे मणी चेंगरत नाहीत. कारखान्यात आणून थंड करतात. मग हलक्या दाबानं रस काढतात. आपल्या गुऱ्हाळाच्या चरकासारखं चिरडून काढत नाहीत, कारण बी फुटलं की रस कडू होतो. रस निघाला की सालं लगेच बाजूला. लाल वाइन सालांसकट आंबवतात, म्हणून तिला रंग येतो. पांढरीत साल राहत नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही आतला रस पांढराच असतो, रंग असतो तो सालीत.

रस गार जागी ठेवून गाळ खाली बसू देतात. वरचा निवळ रस स्टीलच्या टाकीत जातो आणि त्यात यीस्ट घालतात. इडलीचं पीठ रात्रीतून फुगतं ते त्यात जीवजंतू काम करतात म्हणून. इथंही यीस्ट रसातली साखर खातं आणि त्यापासून अल्कोहोल आणि वायू बनतो. फरक एवढाच की पांढऱ्या वाइनची टाकी गार ठेवतात, साधारण १५ ते १८ अंशांच्या आसपास. तापली तर फळाचा वास उडून जातो. दोन-तीन आठवडे हे काम हळूहळू चालतं. साखर संपली की गाळायचं, निवळायचं आणि बाटलीत भरायचं. काही शार्दोने लाकडी पिंपात महिनोन् महिने मुरवतात. यात कुठं हवा शिरली आणि जंतू माजले, तर त्या वाइनचं व्हिनेगर होतं.

या धंद्यात एका बाईचं नाव जगभर घेतात. फ्रान्सच्या शँपेन भागातल्या बार्ब-निकोल क्लिको. १८०५ साली नवरा वारला तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. त्या काळी तिथं लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावानं धंदा करणं अवघड होतं, विधवेला मात्र करता येत होता. त्यांनी नवऱ्याचा धंदा हातात घेतला. फेसाळत्या वाइनमध्ये गाळ राहायचा आणि ती गढूळ दिसायची. त्यांच्या कारखान्यात फळीला भोकं पाडून बाटल्या उलट्या लावल्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवल्या. गाळ तोंडाशी जमला, तो काढून टाकला. वाइन निवळ झाली. आजही त्या बाटलीवर 'व्हव्ह क्लिको' असं लिहिलेलं असतं. व्हव्ह म्हणजे विधवा. आपल्याकडं तो शब्द बाईला मागं ढकलायला वापरतात, त्या बाईनं तो बाटलीवर छापून जगभर पाठवला. आपल्या गटांतल्या एकल महिलांसाठी एवढं सांगावंसं वाटलं.

आता आक्कांचं म्हणणं. ते टाळून चालणार नाही.

२०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. तेव्हा "वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याचा माल आहे" असं पुष्कळांनी सांगितलं. गावोगावी विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय रेंगाळला. द्राक्ष शेतकऱ्याचं आहे हे खरं. पण वाइन दारू आहे की नाही, हे आपण हिशेबानं बघू.

वाइनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं. ७५० मिलीच्या बाटलीत झालं ९० मिली. विदेशी म्हणून विकतात त्या दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. तिच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये झालं ७७ मिली. म्हणजे वाइनची एक अख्खी बाटली क्वार्टरपेक्षा जास्त अल्कोहोल पोटात घालते. गटाच्या वहीवर हे गणित मांडलं तेव्हा बैठकीतल्या शाळकरी पोरींनाही पटलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की आरोग्याच्या दृष्टीनं दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. वाइन, बियर, देशी, सगळ्यांना ते लागू. अल्कोहोलनं कॅन्सर होतो, हेही सिद्ध झालंय. गरोदर बाईनं तर थेंबही घ्यायचा नाही. "वाइन हृदयाला चांगली" असं कुणी सांगायला आलं तर त्याला वहीवरचं गणित दाखवा.

आणि ज्या गावाला परवान्याचं दुकान नको आहे, त्यांनी लक्षात ठेवा. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावं लागतं. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होतं. हा आपला हक्क आहे आणि तो वाइनसाठी माघारी घ्यायचं कारण नाही.

मग आज आपण वाइनचं एवढं का ऐकलं? कारण त्या कामातलं शहाणपण आपल्या दारात उपयोगाचं आहे.

आपल्या बालाघाटच्या डोंगरावर सीताफळ होतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शाब्लीला जसं गावाचं नाव, तसंच आपल्याला जिल्ह्याचं नाव मिळालंय. पण आपण काय करतो? गेल्या हंगामात आमच्या गटानं क्रेटनं माल दिला. भाव व्यापाऱ्यानं ठरवला आणि फळ पिकून मऊ पडायला लागलं तसा तो खाली आणला. आम्हाला थांबता येईना, कारण फळ थांबत नव्हतं.

सीताफळाचा गर काढला की वांग्यासारखाच काळवंडतो. तापवला की कडसर होतो. म्हणजे त्यालाही तेच तीन नियम लागू: घाई, थंडावा, हवेपासून राखण. स्वच्छ हातांनी लवकर गर काढायचा, हवा राहणार नाही अशा पिशवीत बंद करायचा, लगेच उणे १८ अंशांवर गोठवायचा. आइस्क्रीमवाले, रबडीवाले वर्षभर घेतात तो हाच गर.

आमच्या गटानं तीन कामं ठरवली आहेत. पहिलं, भौगोलिक मानांकनाचं नाव पाकिटावर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, तिचे कागद गोळा करायचे. दुसरं, अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करायची. तिसरं, डीप फ्रीझर एकट्या गटाला झेपणार नाही, म्हणून ग्रामसंघात ठराव मांडायचा आणि वीज किती तास असते ते आधी लिहून काढायचं. वीज गेली तर गर गेला, हा धोका डोळ्यांआड करून कर्ज काढायचं नाही.

बैठक उठताना आक्का म्हणाल्या, "बाटली नको. पण पाकिटावर शिरूरचं नाव टाकणार असाल, तर मी गर काढायला येते." वहिनींनी त्यांच्यासाठी सतरंजीवर जागा केली.

तुमच्या गावात कोणतं फळ आहे जे थांबत नाही आणि तुम्हालाही थांबू देत नाही? पुढच्या बैठकीत बोला, वहीत लिहा आणि आम्हाला कळवा.