निद्राकारक वनस्पती आणि त्यांची नावे

महाराष्ट्रात ‘तगर’ हा शब्द उच्चारला की पूजेच्या परडीतील पांढरे, सुकुमार फूल डोळ्यांसमोर येते. हे फुलझाड अंगणात, देवळाच्या आवारात सहज आढळते, त्याचे पान तोडले असता दुधासारखा चीक निघतो आणि संस्कृतात त्याला नंद्यावर्त असेही नाव आहे. आयुर्वेदीय ग्रंथांत निद्रेसाठी व मनाच्या अस्वस्थतेसाठी ज्या तगराचा निर्देश येतो, त्याचा या फुलाशी काहीही संबंध नाही. ते तगर म्हणजे हिमालयाच्या उतारावर वाढणाऱ्या एका लहान वनस्पतीचे उग्र वासाचे गाठाळ मूळ होय. युरोपात झोपेसाठी जे व्हॅलेरियन शतकानुशतके वापरले गेले, त्याच कुळातील ही वनस्पती. अंगणातील तगर मात्र कण्हेरीच्या कुळातील असून तिच्या अंगी अनेक तीव्र अल्कलॉइडे आहेत. तेव्हा ‘झोपेसाठी तगराचे मूळ घ्यावे’ हे वाक्य ऐकून एखाद्याने घरचेच झाड उपटले, तर त्याच्या हाती औषध न येता निराळेच द्रव्य येईल. शब्द एक, वस्तू दोन. भाषाशास्त्रात या प्रकाराला नामसाम्य म्हणून एखादे उदाहरण देऊन पुढे जाता येते. औषधाच्या व्यवहारात तसे जाता येत नाही.

आज निद्रा आणि मनःस्वास्थ्य यांसाठी वनस्पतिजन्य गोळ्या व चूर्णे मोठ्या प्रमाणावर विकली जातात. ती ‘नैसर्गिक’ आहेत, एवढ्यावरच पुष्कळांचे समाधान होते. वेष्टनावरील नावाने नेमका कशाचा बोध होतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः तो प्रश्न जुना आहे, आणि त्यात चकलेल्यांच्या मालिकेत एक फार मोठे नाव आहे.

संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचा उगम एक असावा, हा विचार १७८६ साली कलकत्त्यात मांडणारे सर विल्यम जोन्स हेच ते. ग्रीक व रोमन लेखकांनी वाखाणलेले ‘नार्द’ हे सुगंधी द्रव्य कोणते, याचा शोध घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला. अरब वैद्य त्या द्रव्याला हिंदी ‘सुंबुल’ म्हणत. सुंबुल म्हणजे कणीस. ग्रीक ‘स्टाखिस’ आणि लॅटिन ‘स्पिका’ यांचाही अर्थ कणीसच. या अरबी नावाचा माग घेत जोन्स संस्कृत ‘जटामांसी’ या शब्दापर्यंत पोचले. इतरांना जेथे कणीस दिसले, तेथे भारतीयांना तपस्व्याच्या जटा दिसल्या, एवढाच फरक. येथवरचा तर्क निर्दोष होता. पुढे भूतानहून ‘जटामांसी’ म्हणून आलेल्या रोपांवरून त्यांनी वनस्पतीचे वर्णन केले आणि १७९० साली ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये ती ‘व्हॅलेरियाना जटामांसी’ या नावाने प्रसिद्ध झाली. परंतु ती रोपे जटामांसीची नव्हतीच. ती तगराची होती!

वनस्पतिशास्त्राच्या नियमानुसार विधिवत् प्रसिद्ध झालेल्या पहिल्या नावाचा मान राखावा लागतो. परिणामी औषधी तगराचे मान्य शास्त्रीय नाव आजही ‘व्हॅलेरियाना जटामांसी’ हेच आहे, आणि खऱ्या जटामांसीला ‘नार्डोस्टाखिस जटामांसी’ असे म्हणतात. वेष्टनावरील लॅटिन नावाचा उत्तरार्धच तेवढा वाचणारा गिऱ्हाईक या दोहोंत गफलत करील, यात नवल नाही. शब्दाचा माग अचूक काढणाऱ्या पंडिताला रोपाने दगा द्यावा, हे भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये असे उदाहरण आहे.

‘नार्द’ शब्दाचे मूळही असेच फसवे आहे. ते संस्कृत ‘नलद’ या शब्दापर्यंत नेण्यात येते. नलद अथर्ववेदात आहे; परंतु अमरकोशात ते वाळ्याचे नाव म्हणून येते, तर अन्यत्र त्याचा अर्थ जटामांसी असा केलेला आढळतो. मराठीने जटामांसीच्या बाबतीत आणखी एक गंमत केली. ‘मांसी’चा अर्थ लोकांना लागेना, तेव्हा ती ‘जटामावशी’ झाली आणि केसांच्या तेलाच्या पाठांत मानाने बसली. असली लोकव्युत्पत्ती निरुपद्रवी होय, कारण तिच्यामुळे नाव बदलले तरी वस्तू बदलली नाही. मात्र ती वस्तू आता दुर्मिळ होत आहे. हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर वाढणाऱ्या या वनस्पतीची मुळे अतोनात खणली गेल्याने १९९७ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आहे. माल दुर्मिळ व महाग झाला की त्याच नावाने दुसरे मूळ विकण्याचा मोह वाढतो, हे सांगावयास नको.

ब्राह्मीची कथा सर्वपरिचित आहे. कोठे पाणथळ जागीची, जाड व बारीक पानांची बाकोपा ही ब्राह्मी, तर कोठे वाटोळ्या पानांची मंडूकपर्णी, म्हणजे मराठीतील कारिवणा, हीच ब्राह्मी. चरकसंहितेत मेध्य रसायन म्हणून मंडूकपर्णीचे नाव आहे. भारतीय आयुर्वेदीय औषधिसंहितेने ब्राह्मी हे नाव बाकोपासाठी राखून ठेवले आहे. शंखपुष्पीच्या नावाखाली तर निरनिराळ्या प्रांतांत तीन-चार भिन्न वनस्पती चालतात, आणि त्यांत आपली गोकर्णही येते.

अश्वगंधेच्या बाबतीत वस्तू एकच आहे, पण दोन भाषांनी तिच्यातील दोन निरनिराळ्या गोष्टी हेरल्या. संस्कृत नाव मुळाच्या वासावरून पडले. चरकाने तिची गणना बल्य व बृंहणीय, म्हणजे शक्ती देणाऱ्या व अंग भरविणाऱ्या द्रव्यांत केली. लिनियसने १७५३ साली तिला ‘सोम्निफेरा’, म्हणजे निद्रा आणणारी, असे विशेषण दिले. आजची जाहिरात नाव संस्कृत घेते आणि गुण मात्र लॅटिनमधला सांगते. अलीकडच्या चाचण्यांत झोपेवर तिचा थोडा इष्ट परिणाम दिसला आहे. तथापि यकृताला इजा झाल्याच्या विरळ नोंदीही आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. व्हॅलेरियनविषयीचा पुरावा याहून दुबळा आहे. अनिद्रेवर त्याचा उपयोग करू नये, अशी सूचना अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१७ साली केली.

सर्वांत गंभीर उदाहरण सर्पगंधेचे. बिहारात तिच्या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील तिच्या गुणांविषयी लिहिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या परिणामाचे निष्कर्ष ब्रिटनमधील हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि १९५२ साली तिच्यापासून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. उन्मत्त रुग्ण त्याने शांत होत, झोपी जात. परंतु त्याच दशकात, रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खोल विषण्णतेत गेल्याच्या नोंदीही होऊ लागल्या. हा संबंध कितपत निश्चित, याविषयी पुढे वाद झाला. औषधाची मात्रा मात्र त्यामुळे उतरली. ‘मनःशांती’ या एकाच शब्दात मराठी माणूस दोन अवस्था कोंबतो: मनाची खळबळ थांबणे आणि मन प्रसन्न होणे. सर्पगंधेने पहिली साधत असताना दुसरी हिरावली जाऊ शकते, ही शंका त्या नोंदींनी निर्माण केली. आणि ही मुळी वैद्याच्या देखरेखीवाचून घेऊ नये, असे जे सांगितले जाते त्याचे एक कारण तेथेच आहे.