निधी लांबला तरी मुदत थांबत नाही: तुळजापूरच्या जमिनीविषयीचे पाच गैरसमज

6 मे 2025 रोजी अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. तीर्थक्षेत्रांसाठी 5503 कोटी रुपयांचे आराखडे त्या दिवशी मान्य झाले आणि त्यात सर्वांत मोठा, 1865 कोटींचा, तुळजापूरच्या श्री तुळजाभवानी मंदिराचा होता. एवढा मोठा आकडा कानावर पडला की जागेचे भाव, झोन, आरक्षण आणि घरकुल यांच्या गप्पा एकमेकींत मिसळतात. प्रत्यक्षात निधी कधी सुटणार हे वित्त विभाग ठरवतो, तर जमिनीच्या मुदती कायदा ठरवतो. पहिले लांबले म्हणून दुसरे थांबत नाही. बहुतेक गैरसमज हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

गैरसमज 1: मंत्रिमंडळाने मान्यता दिली, म्हणजे पैसे आले.

वस्तुस्थिती: मान्यता ही पहिली पायरी. त्यानंतर शासन निर्णय निघतो, अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद होते, कामनिहाय प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता मिळते आणि मग निधी टप्प्याटप्प्याने वितरित होतो. 1865 कोटी हा संपूर्ण आराखड्याचा अंदाज आहे, नगरपरिषदेच्या खात्यातली शिल्लक नव्हे. एखाद्या वर्षी तरतूद झाली तरी ती सगळी त्याच वर्षी हाती पडतेच असे नाही.

गैरसमज 2: मंदिराचा आराखडा मंजूर झाला, म्हणजे आजूबाजूची जमीन रहिवासी झोनमध्ये आली.

वस्तुस्थिती: नावात ‘आराखडा’ असला तरी ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. मंदिराचा आराखडा म्हणजे कामांची आणि खर्चाची योजना. शहराचा विकास आराखडा म्हणजेच डीपी हा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खालचा कायदेशीर दस्तऐवज. कोणता गट शेती झोनमध्ये, कोणता रहिवासी झोनमध्ये आणि कोणत्या जागेवर शाळा, बाग किंवा वाहनतळाचे आरक्षण, हे डीपीच सांगतो.

झोन बदल नगरपरिषदेच्या नुसत्या ठरावानेही होत नाही. मंजूर डीपीत किरकोळ फेरबदल करायचा तर कलम 37 नुसार जाहीर नोटीस, हरकती-सूचना, सुनावणी आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी लागते. एनए (बिनशेती) झाले म्हणजे झोन बदलला, हीसुद्धा उलटी समजूत आहे. बिनशेती हा महसुली विषय आहे. आधी झोन अनुकूल हवा.

गैरसमज 3: अनुदान रखडले की डीपीची मुदतही आपोआप वाढते.

वस्तुस्थिती: नवा किंवा सुधारित डीपी करण्याचा इरादा जाहीर झाल्यावर कलम 26 नुसार दोन वर्षांच्या आत प्रारूप प्रसिद्ध करायचे असते. मुदतवाढ मिळू शकते, पण ती मागावी लागते आणि मर्यादितच मिळते. सध्याच्या जमीनवापराची पाहणी, नकाशे, मोजणी यांना पैसा लागतो. तिजोरी रिकामी असेल तर कामाचा वेग मंदावतो. वेळेत काम झाले नाही, तर आराखडा तयार करण्याचे काम नगरपरिषदेकडून नगररचना विभागाच्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. अनुदानाअभावी झालेल्या उशिराची किंमत अशी स्थानिक अधिकार गमावून मोजावी लागते.

गैरसमज 4: आरक्षण पडले की जमीन गेली.

वस्तुस्थिती: आरक्षण पडले तरी सातबारावर मालकाचेच नाव राहते. जमीन घ्यायची तर कलम 126 प्रमाणे तीन वाटा आहेत: वाटाघाटीने मोबदला, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा एफएसआयच्या (चटई क्षेत्र निर्देशांक) रूपात मोबदला, किंवा रीतसर भूसंपादन. निधीचा उशीर सर्वांत जास्त जाणवतो तो याच टप्प्यावर. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाच्या मोबदल्यावर 100 टक्के दिलासा रक्कम आहे. म्हणजे शहरी हद्दीत साधारण दुप्पट. लहान नगरपरिषदेला स्वतःच्या घरपट्टीतून हे झेपत नाही. टीडीआर विकत घेणारे बिल्डर मोठ्या शहरांत भेटतात. लहान गावात मालकाला रोख मोबदलाच हवा असतो.

अंतिम डीपी लागू होऊन 10 वर्षे उलटली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम 127 ची खरेदी नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाचे पाऊल पडले नाही, तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मूळ कायद्यात अवघी 6 महिने होती. 2015 मध्ये ती 24 महिने झाली. ‘प्रस्ताव पाठवला आहे, निधीची वाट पाहतोय’ हे उत्तर पुरत नाही. नुसता पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले.

मात्र 10 वर्षे झाली म्हणून आरक्षण आपोआप उठत नाही; नोटीस द्यावीच लागते. आणि ते उठले की मैदानाच्या जागी घरे उभी राहू शकतात. मालकाला न्याय मिळतो, वस्तीचे मैदान मात्र जाते. नवरात्रात लाखो भाविक येणाऱ्या गावाला वाहनतळाची एक जागा हातची जाणेही परवडत नाही.

गैरसमज 5: घरकुलाचा हप्ता थकला, म्हणजे घर नामंजूर झाले.

वस्तुस्थिती: प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळतात. रक्कम बांधकामाच्या टप्प्यानुसार येते आणि प्रत्येक टप्प्याचा जागेवरच फोटो काढून नोंद होते. दोन सरकारांचे हिस्से वेगवेगळ्या वेळी येऊ शकतात, म्हणून हप्ता थकणे आणि मंजुरी रद्द होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडचण असते ती शेती झोनमध्ये गुंठ्याने घेतलेल्या प्लॉटची: बांधकाम परवानगीच मिळत नसेल, तर पहिल्या हप्त्याचाही प्रश्न येत नाही.

म्हणून जागा घेण्यापूर्वी दलालाच्या तोंडी हमीवर जाऊ नका. नगरपरिषदेकडून गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागून घ्या. आरक्षण असेल तर अंतिम डीपी लागू झाल्याची तारीख विचारा, म्हणजे 10 वर्षे कधी भरतात ते कळेल. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकत लेखी द्या आणि तिची पोच जपून ठेवा.