बार उडवण्यापासून अर्ध्या कोयत्यापर्यंत

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या नगर जिल्ह्यात पारावरची बोली बदलते. 'औंदा पोराचा बार उडवायचा', 'पोरीचे हात पिवळे करायचे', 'दोनाचे चार झाले की मोकळे'. 'लग्न' हा शब्द न उच्चारताही सगळ्यांना सगळं कळतं.

यातले बरेच प्रयोग थेट मांडवातून आलेत आणि मला ते फार आवडतात. हात पिवळे होतात हळदीनं. बोहल्यावर चढतात, डोक्यावर अक्षता पडतात. बाशिंग खरं तर कपाळाला बांधायचं, म्हणून उतावळ्याच्या ते गुडघ्याला!

पण पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड मजुरांची बोली वेगळी आहे. तिथं नवरा-बायको मिळून एक 'कोयता', एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादमाची उचलही त्याच हिशेबानं मिळते. म्हणून टोळ्या कारखान्याला निघायच्या आधी घाईत लग्नं उरकली जातात. शेजारच्या बीडमध्ये अशा लग्नाला 'गेटकेन' म्हणतात. हा मूळ कारखान्याचा शब्द: कार्यक्षेत्राबाहेरून थेट गेटवर आलेला ऊस. १९५० च्या सुमारास लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढं कारखानदारीचे शब्द असे घराघरांत, सोयरिकीपर्यंत पोचले.

या घाईत अठरा पूर्ण न झालेल्या मुलींचीही लग्नं लावली जातात. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे, मग त्याला नाव कुठलंही द्या.

अकोले, जामखेड, कोपरगावकडं लग्नाला आणखी काय म्हणतात? जरूर लिहा.