चिचुंद्री निर्दोष, मग दोष कुणाचा?

रात्री हैदराबादच्या सुलतान बझारची शटरं खाली आली, फेरीवाल्यांनी गाठोडी बांधली, की कोठी भागात दुसरी वर्दळ सुरू होते. गटाराच्या फरशीखालून घूस बाहेर येते, वायरींवरून उंदीर पळतात आणि भिंतीला अंग घासत, चिकचिक करत चिचुंद्री जाते. तिच्यामागे तो उग्र वास रेंगाळतो. तेवढ्यात कुणीतरी चप्पल उचलतंच, "मारा तिला, व्हायरस असतो तिच्यात!" कोविडपासून हे वाक्य फारच ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे, पण चप्पल उचलणाऱ्याला वाटतं तिथे नाही.

मुळात चिचुंद्री उंदीर नव्हेच. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला कुरतडल्याशिवाय चैन पडत नाही. चिचुंद्रीचे दात बारीक आणि टोकदार असतात, ते किड्यांची कवचं फोडायला. तिला दिसतं बेताचंच. लांब सोंडेसारखं नाक हलवत ती भिंतीच्या कडेने वास घेत फिरते आणि झुरळं मटकावते. कोठीतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात कुरतडलेल्या पानांचा आळ तिच्यावर येतो. तो तिने का सोसावा?

विषाणूच्या बाबतीत मात्र तिचं नाव इतिहासात आहे. 1964 साली तामिळनाडूतल्या वेल्लोर शहराच्या थोट्टपाळयम भागात, जपानी मेंदूज्वराच्या अभ्यासासाठी चाललेल्या शोधात, एका चिचुंद्रीत अनोळखी विषाणू सापडला. डास-गोचिडांनी पसरणाऱ्या विषाणूंच्या यादीत त्याला टाकलं गेलं आणि तो तिथेच पडून राहिला. पुढे 1976 मध्ये कोरियात हो वांग ली यांना हान्तान नदीच्या परिसरातल्या शेतउंदरांत एक विषाणू सापडला. कोरियन युद्धात हजारो सैनिकांना ताप आणि मूत्रपिंडाच्या विकाराने आडवं करणारा तो हाच. हान्टा हे नाव तिथून आलं. नंतर लक्षात आलं, की वेल्लोरच्या चिचुंद्रीतला विषाणू त्याच घराण्यातला, आणि हाती लागला होता बारा वर्षं आधी! या चिचुंद्रीच्या विषाणूने माणूस आजारी पडतो, असं मात्र आजवर सिद्ध झालेलं नाही. तेव्हा चप्पल खाली ठेवायला हरकत नाही.

मार्च 2020 मध्ये चीनच्या युन्नान प्रांतातला एक माणूस बसप्रवासात दगावला, त्याची चाचणी हान्टासाठी पॉझिटिव्ह आली, आणि आपल्याकडच्या व्हॉट्सॲपवर "चीनचा आणखी एक नवा व्हायरस" असा गजर झाला. आपण नुकतेच लॉकडाऊनमध्ये बसलो होतो, त्यामुळे घबराट समजण्यासारखी होती. पण हान्टा नवा नव्हता आणि कोविडसारखा माणसामाणसांत सरसकट पसरणाराही नव्हता. माणसाकडून माणसाला लागण झाल्याचं ठामपणे दिसलं आहे ते दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज या प्रकारात. बाकी ठिकाणी त्याची वाट ठरलेली: बाधित उंदराचं मूत, लेंड्या, लाळ सुकते, त्याची धूळ उडते आणि ती आपल्या नाकात जाते. तामिळनाडूत गोदाम-कामगारांच्या आणि उंदीर पकडणाऱ्या इरुळा लोकांच्या रक्तात हान्टाविरुद्धची प्रतिपिंडं आढळली आहेत. म्हणजे संबंध येतो, तो कामातून येतो.

बेगम बझारातल्या धान्याच्या किंवा सुलतान बझारच्या मागच्या गल्लीतल्या बंद गोदामाला हे थेट लागू पडतं. सणाच्या आधी दार उघडायचं आणि झाडू घेऊन सुटायचं, ही आपली पद्धत. नेमकी तीच घातक. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावं. लेंड्यांवर ब्लीचचं पाणी शिंपडून त्या पुरत्या भिजू द्याव्यात, हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसून काढाव्यात. कोरडा झाडू नको, व्हॅक्यूमही नको. मेलेला उंदीर शेपटीला धरून रस्त्यावर भिरकावणं तर अजिबात नको. तो भिजवून, पिशवीत बांधून टाकावा.

"उंदराचा व्हायरस म्हणजे प्लेग" ही समजूत जुन्या घरांत अजून टिकून आहे, आणि ती का टिकली हेही कळतं. 1911 च्या सुमाराच्या प्लेगच्या साथीने आणि त्याआधी 1908 च्या मुसीच्या महापुराने हैदराबाद हादरलं, आणि 1912 मध्ये शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झालं. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेग आला, तेव्हा इथल्या मराठवाड्याकडच्या घरांना ते परकं वाटणं शक्य नव्हतं. पण प्लेगचा जंतू विषाणू नाही. तो जीवाणू आहे, येरसँ यांनी 1894 मध्ये हाँगकाँगला शोधलेला, आणि उंदराकडून माणसाकडे येतो तो बहुतेक पिसवांच्या चाव्यातून. उंदराच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसही (लेप्टो) जीवाणूचाच. फरक पुस्तकी नाही. जीवाणूंवर प्रतिजैविकं चालतात, वेळेत दिली तर माणूस वाचतो. "व्हायरल आहे, चार दिवसांत उतरेल" म्हणून घरी बसलेला लेप्टोचा रुग्ण मूत्रपिंडं गमावून बसू शकतो. 2025 च्या सप्टेंबरअखेर मुसीचं पाणी एमजीबीएस बसस्थानकात शिरलं. अशा पाण्यातून पायाला जखम घेऊन चालणाऱ्याला काळजी उंदराच्या विषाणूची नको, लेप्टोची हवी.

उंदीर चावला की लोक रेबीजच्या भीतीने नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनकडे (आयपीएम) धावतात. तिथली लस कुत्रा चावलेल्यांचा प्राण वाचवते, हे खरंच. घरातल्या उंदराकडून माणसाला रेबीज झाल्याचं मात्र ज्ञात नाही, आणि राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार उंदीर-खारीच्या चाव्याला ही लस क्वचितच लागते. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवावी, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारावं. मुंगूस चावलं तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे रेबीजची धास्ती हवीच.

वटवाघळांवर तर सगळ्यांचाच राग. 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने भारतातल्या वटवाघळांत कोरोनाविषाणू सापडल्याचं जाहीर केलं आणि जुनी झाडं तोडायच्या गोष्टी सुरू झाल्या. ते विषाणू कोविडचे नव्हते. शिवाय केरळ, तामिळनाडू, पुदुच्चेरी, हिमाचल इथल्या नमुन्यांत ते मिळाले. तेलंगणातले नमुने निगेटिव्ह आले होते. बातमीतलं हे वाक्य कुणी फॉरवर्ड केलं नाही. याच संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपा विषाणूच्या लागणीच्या खुणा मिळाल्या, तेव्हा महाराष्ट्रात माणसाला निपा झालेला नव्हता. निपा पोचतो तो उष्ट्या फळांतून, बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून, आणि रुग्णाच्या निकट सहवासातून. वटवाघळांना हाकलून तो टळत नाही. बिथरलेला थवा फक्त दुसऱ्या मोहल्ल्यात जातो.

मंकीपॉक्सचंही तसंच. 1958 मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांत हा विषाणू सापडला म्हणून ते नाव पडलं. मूळ घर बहुधा आफ्रिकेतल्या खारी-उंदरांत. जुलै 2022 मध्ये कुवेतहून कामारेड्डीला आलेल्या एका संशयिताला नल्लाकुंट्याच्या फिव्हर हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, पुण्याचा अहवाल निगेटिव्ह आला. तोवर इकडे लोक माकडांकडे डोळे वटारून बघत होते.

पावसाळ्यात ताप आला की इथे पहिली तपासणी डेंग्यूची होते. ते बरोबरच. पण डॉक्टर "कुठे गेला होतात?" विचारतात तेव्हा आपण गावाचं नाव सांगतो, "गोदाम झाडलं", "गटाराच्या पाण्यात उतरलो", हे सांगत नाही. ते आवर्जून सांगावं, कारण लेप्टोची चाचणी डॉक्टर त्यावरूनच मागवतात.