खरवसाची वाटी आणि वासराचा वाटा : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

गाय किंवा म्हैस व्याली की पुढील दोन-तीन दिवसांत भावकीत, शेजारी आणि जवळच्या सोयऱ्यांकडे खरवसाची वाटी पोहोचविण्याचा रिवाज मराठवाड्याच्या खेड्यांत रूढ आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन अस्तित्वात आलेला हिंगोली जिल्हा त्यास अपवाद नाही. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाचही तालुके शेती व पशुपालनावर अवलंबून आहेत. चुलीवरून नुकताच उतरविलेला, अजून वाफ निघत असलेला खरवस पातेल्यातच कापून वाटला जातो. पाहुणचारासाठी तो मुद्दाम केला जात नाही. गोठ्यात वेत झाले म्हणूनच तो होतो. प्रस्तुत लेखात या वाटपामागील कारणे, खरवस घट्ट होण्याची प्रक्रिया आणि या आनंदाच्या प्रसंगी दुर्लक्षित राहणारा वासराचा हक्क यांचे विवेचन केले आहे.

व्यालेल्या जनावराच्या पहिल्या काही धारांचे दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. (कुरडयांसाठी गहू भिजवून काढतात तोही चीकच, एकाच घरात एकच शब्द दोन पदार्थांना चालतो आणि कोणाचाही घोटाळा होत नाही.) चिकात दूध, गूळ व वेलदोडा किंवा जायफळ घालून तो वाफवला की खरवस तयार होतो. वाफवण्याऐवजी पातेल्यात ढवळत आटवला तर वडी न धरता तो दाणेदार होतो. अनेक घरांत देवापुढे ठेवल्याखेरीज कोणी त्यास हात लावत नाही. वाटी आणणाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, हा संकेतही बहुतेक ठिकाणी पाळला जातो.

वाटप का होते ?

या प्रथेकडे केवळ औदार्य म्हणून पाहणे अपुरे ठरेल. चीक थोड्याच दिवसांत, परंतु एका कुटुंबाला न संपणाऱ्या प्रमाणात मिळतो. तो टिकत नाही. आणि दूध संकलन केंद्रावर तो स्वीकारला जात नाही. संकलनाच्या वेळी दुधाचा नमुना उकळून पाहण्याची एक जुनी परीक्षा आहे. नमुना फुटला किंवा गोठला तर दूध नाकारले जाते, आणि चीक तर तापविताच गोठतो. अन्न सुरक्षा व मानके यासंबंधीच्या नियमांतही दुधाची व्याख्या करताना ते चिकापासून मुक्त असावे, असे स्पष्टपणे म्हटले आहे. ज्या गुणामुळे चिकाचा खरवस होतो, नेमका तोच गुण त्याला दुधाच्या बाजारातून बाहेर ठेवतो. शहरांतील काही दुग्धालयांत चीक व तयार खरवस विकत मिळतो हे खरे; परंतु खेड्यात ज्या काळात घरातील जवळजवळ प्रत्येक लिटर दूध मोजून विकले जाऊ लागले, त्या काळातही हा एक पदार्थ मापाशिवाय शेजारी जात राहिला, त्याचे एक कारण येथे आहे.

खरवस घट्ट कसा होतो ?

चीजमध्ये विरजण व मुख्यतः रेनेट नावाचे विकर दुधातील केसीन या प्रथिनाचे जाळे तयार करते. पनीरमध्ये हे काम आम्ल करते. दोन्ही ठिकाणी निवळी गळून वेगळी होते. खरवसात ना विकर लागते, ना लिंबाचा रस. चिकामध्ये निवळीतील प्रथिने, त्यातही रोगप्रतिकारक प्रथिने, विपुल असतात. वाफेच्या उष्णतेने त्यांची घडी उलगडते, ती परस्परांत गुंततात आणि सर्व पाणी, स्निग्धांश व गूळ आपल्या जाळ्यात धरून ठेवतात. आच अधिक झाल्यास हे जाळे आवळते, पाणी सुटते आणि वडीला भोके पडून ती चिवट होते. म्हणूनच अनुभवी गृहिणी प्रथम वाटीभर मिश्रण वाफवून पाहते व त्यानुसार दुधाचे प्रमाण ठरविते.

शास्त्रदृष्ट्या खरवस हा चीजचा सख्खा नव्हे, तर चुलत भाऊ होय. भाषेने मात्र हे नाते अधिक जवळचे मानले आहे. खरवसाला तेलुगूत ‘जुन्नु’ आणि कन्नडमध्ये ‘गिण्णु’ म्हणतात, आणि हेच शब्द त्या भाषांत चीजलाही लावले जातात. हिंगोलीचा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, म्हणजे याच दोन भाषांच्या सहवासात होता. तरीही मराठीने खरवस आणि चीज असे दोन वेगळे शब्द ठेवले. दूरच्या फिनलंडमध्येही चीक भट्टीत भाजून केलेला ‘ऊनियूस्तो’ हा पदार्थ आहे. त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘भट्टीतले चीज’ असा होतो.

वासराचा वाटा

येथवरचे वर्णन सुखद आहे. परंतु चीक निसर्गाने वाटपासाठी निर्माण केलेला नाही. गाय-म्हशीच्या गर्भवेष्टनाची रचना अशी असते की मातेच्या रक्तातील रोगप्रतिकारक प्रथिने गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते आणि त्याचे संरक्षण सर्वस्वी चिकावर अवलंबून असते. ही प्रथिने अखंड स्वरूपात शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची क्षमता जन्मानंतर तासागणिक घटते आणि सुमारे २४ तासांत संपुष्टात येते. त्यानंतर पाजलेला चीक पोषण करतो, संरक्षण फारसे देत नाही. वजनाच्या सुमारे एक दशांश चीक पहिल्या दिवसात, आणि त्यातील मोठा भाग पहिल्या दोन-तीन तासांत पाजावा, ही पशुवैद्यकांची सर्वसाधारण शिफारस आहे.

या शिफारशीच्या आड एक समजूत येते. वार पडेपर्यंत वासराला पिऊ देऊ नये, असे अनेक पशुपालक मानतात. वार पडण्यास आठ ते बारा तास लागू शकतात. म्हणजे २४ तासांपैकी सर्वांत मोलाचा काळ वाट पाहण्यात जातो. वस्तुतः वासराच्या ओढण्याने मातेच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते व गर्भाशयाच्या आकुंचनास साहाय्यच होते. खरवसाच्या वाटपापेक्षा ही समजूतच वासराचा अधिक घात करते, हे येथे नमूद करणे न्याय्य ठरेल.

मग खरवस करूच नये काय ? होलस्टीन गाईंवरील मोजमापांनुसार पहिल्या धारेत सुमारे १४ टक्के प्रथिने असतात, दुसऱ्या धारेत ८.४ टक्के, तिसऱ्या धारेत ५.१ टक्के; नेहमीच्या दुधात ती ३.२ टक्क्यांच्या आसपास येतात. आता घरोघरीची रीत पाहावी. पहिल्या धारेचा चीक फार घट्ट होतो म्हणून त्यात बरोबरीने दूध घालतात. १४ आणि ३.२ यांच्या समभाग मिश्रणात ८.६ टक्के प्रथिने येतात. दुसऱ्या धारेचा चीक दूध न मिसळता जवळजवळ याच ठिकाणी असतो. याचा अर्थ असा की, पहिली धार संपूर्णपणे वासरासाठी ठेवून दुसऱ्या धारेपासून केलेला खरवसही तितकीच चांगली वडी धरू शकतो. जाती व जनावरांनुसार आकडे बदलतील. उतरता क्रम बदलणार नाही.

अर्थात, सर्व गोठे सारखे नसतात. भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईच्या किंवा म्हशीच्या घरी वासरू तृप्त होऊनही दहा घरांना वाट्या जाऊ शकतात. या भागातील लाल कंधारी गाय मात्र मुख्यतः शेतीकामाच्या बैलांसाठी जोपासली गेली. एका वेताला तिचे दूध साधारण ६०० किलो, म्हणजे दिवसाला दोन ते अडीच लिटर. तिच्या सुमारे २० किलोच्या वासराला पहिल्या दिवशी दोन लिटर चीक हवा. ढोबळ हिशेबाने पहिली धार आणि दुसरीचा बराचसा भाग त्याच्याच पोटात जावयास हवा.

चीक कच्चा चाखण्याची सवय काही ठिकाणी आढळते. ती सोडलेली बरी. ब्रुसेल्लासारखे जंतू बाधित जनावराच्या चिकातून बाहेर पडतात. ते उष्णतेने मरतात, म्हणून खरवस मध्यभागापर्यंत पूर्ण वाफवणे आवश्यक आहे. जनावर गाभडले असल्यास त्याचा चीक वाटू नये आणि पशुवैद्यकास दाखवावे.

एकच कंधारी गाय असलेल्या घरी वाटपासाठी दुसऱ्या धारेतील उरलासुरला आणि तिसऱ्या धारेचा चीक शिल्लक राहतो. त्यात दूध मिसळण्याची सोय नसते आणि वडीही नीट धरत नाही. असा सैलसर खरवस कापून देता येत नाही. तो वाटीत घालून, गरम असतानाच चमच्याने खावा लागतो.